पोअर कार्डावरची सही

सकाळचे साडेसात. रावेतमधल्या एका इमारतीचा सातवा स्लॅब आज भरायचा आहे. प्लायवर सळयांची जाळी बांधून झाली आहे, तिच्यातून इलेक्ट्रिशियनचे पाइप गेले आहेत, पंपाची नळी वर येऊन थांबली आहे. गमबूट घातलेली माणसे कडेला उभी आहेत. पंप मात्र बंद आहे. क्वालिटी इंजिनिअर मॅडम जाळीवर टाकलेल्या फळीवरून चालताहेत. एका हातात टेप, दुसऱ्या हातात पोअर कार्ड. त्या कार्डावर त्यांची सही झाल्याशिवाय इथे माल पडणार नाही.

कॉलमजवळ, बीमच्या टोकाशी त्या उकिडव्या बसतात आणि रिंगांमधले अंतर मोजू लागतात. ड्रॉइंगवर 100 मिलिमीटर आहे. टेपवर 100, 95, 105 आणि मग एके ठिकाणी 150, त्याला लागूनच 50. बांधलेली रिंग सरकली आहे. भूकंपाचा हिसका बीमच्या याच टोकांना जास्त बसतो, म्हणून इथे रिंगा दाट असतात आणि त्यांची टोके 135 अंशांत आत वळवलेली असतात. मालद्याहून आलेला फिटर हूक काढतो, तार सोडतो, रिंग जागेवर आणून पुन्हा आवळतो. काम दोन मिनिटांचे. पण हे दोन मिनिटांचे काम फक्त आत्ताच होऊ शकते. तासाभराने ही रिंग कॉन्क्रीटच्या पोटात असेल.

पुढे कव्हर ब्लॉक. खालची सळई प्लायला टेकू नये म्हणून स्लॅबखाली 20 मिलिमीटरचे ठोकळे ठेवलेत. दोन ठिकाणी ते निसटलेत. सळई टेकलेली राहिली तर हवा आणि ओल तिच्यापर्यंत पोहोचते, ती गंजते, गंजून फुगते आणि कॉन्क्रीटचे पोपडे पाडते. जुन्या इमारतींच्या छतांवर पावसाळ्यानंतर दिसणारे तांबडे डाग पुष्कळदा इथूनच निघालेले असतात. ठोकळे पुन्हा बसवले जातात.

मग बाल्कनी. इथे मॅडमचा वेग कमी होतो. कॉन्क्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो सळईने घ्यायचा असतो. बाल्कनीचा स्लॅब एकाच बाजूने इमारतीला धरून असतो, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळईही वरच लागते. स्लॅबची जाडी 150 मिलिमीटर, सळई माथ्यापासून 25 मिलिमीटर आत हवी. मॅडम प्लायपासून मोजतात, वजाबाकी करतात, पुन्हा मोजतात. सळई माथ्यापासून 70 मिलिमीटर खाली गेली आहे. काल संध्याकाळी पाइप टाकणारी पोरे तिच्यावरूनच चालली असणार. असा स्लॅब भरला तर त्याची भार पेलण्याची ताकद तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटेल, आणि बाहेरून मात्र तो शेजारच्या बाल्कनीसारखाच दिसेल.

“खुर्च्या कुठं गेल्या?” त्या विचारतात.

“कुर्सी कम पड गया, मॅडम,” फिटर सांगतो. वरची जाळी उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांच्या या खुर्च्या इथे चारच दिसताहेत.

कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर पुढे येतो. “मॅडम, दोन गाड्या प्लँटवरून निघाल्यात. दोन तासांत माल उतरला पाहिजे. तुम्ही सही करा, भरता भरता पोरं सळई उचलून घेतील.”

“उचललेली सळई माल पडला की परत बसते, भाऊ. आधी खुर्च्या लावा. मागच्या गाड्या मी थांबवते.” त्या प्लँटला फोन लावतात.

आणि तिथेच, उभ्या उभ्या, लिहितात: ‘बाल्कनी, ग्रिड सी-4 ते सी-5. वरची सळई 70 मिमी खाली, हवी 25 मिमी. खुर्च्या अपुऱ्या. खुर्च्या लावून पुन्हा तपासणी. तोपर्यंत काम थांबवले.’ वेळ टाकतात. टेप लावलेल्या स्थितीत फोटो काढतात. सुपरवायझरची सही घेतात. जागा, माप, काय हवे होते, काय करायचे, कोणी पाहिले, हे सगळे त्या चार ओळींत आहे. ‘सळई नीट करा’ असे तोंडी सांगितले असते तर ते पंपाच्या आवाजात विरून गेले असते.

घाईने उभ्या राहणाऱ्या इमारतींचे काय होते, हे या राज्याने पाहिले आहे. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असतानाच एक बेकायदा इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. त्यामुळे पहिली गाडी फाटकाशी ड्रम फिरवत ताटकळते आहे, याचे मला वाईट वाटत नाही. बारा नव्या खुर्च्या लागतात. मॅडम पुन्हा टेप लावतात: 25, 27, 25. पावणेनऊला सही होते आणि पंप धडधडू लागतो.

खाली पहिल्या गाडीचे चलन तपासले जाते: ग्रेड एम-25, प्लँटवर भरल्याची वेळ. मग स्लंप. 300 मिलिमीटर उंचीच्या कोनात थराथराने माल, प्रत्येक थराला सळीचे 25 ठोसे. कोन सरळ वर उचलला की ढीग बसतो. किती बसला ते मोजायचे. 130. इथे 120 ते 150 चालते. दुसऱ्या गाडीचा हेल्पर पाण्याचा पाइप हातात घेतो, “थोडं सोडू का?” मॅडम मान हलवतात. जास्तीच्या पाण्याने माल पटकन सरकेल, पण ताकद उतरेल.

आज 45 घनमीटर माल आहे. आयएस 456 प्रमाणे 31 ते 50 घनमीटरला चार नमुने, आणि एका नमुन्याचे 28 दिवसांसाठी तीन क्यूब. सात दिवसांचा अंदाज मिळावा म्हणून इथे आणखी तीन करतात. म्हणजे एकूण 24. एम-25 चा 150 मिलिमीटरचा ठोकळा 28 दिवसांनी यंत्राखाली साधारण 57 टन भार पेलूनच फुटायला हवा. कोणता नमुना कोणत्या गाडीचा आणि ती गाडी स्लॅबच्या कोणत्या भागात रिकामी झाली, हेही रजिस्टरमध्ये लिहिले जाते. उद्या एखादा नमुना कमी निघाला तर नेमकी जागा सापडली पाहिजे.

दुपारी आम्ही चौथ्या मजल्यावर येतो. जुन्या नोंदी बंद करायच्या आहेत. रजिस्टरमध्ये कॉलमच्या पायथ्याशी आलेल्या हनीकोम्बिंगच्या सहा नोंदी आहेत: खडी उघडी, मध्ये पोकळ्या. सुरुवातीला सगळ्यांनी व्हायब्रेटर चालवणाऱ्या पोराकडे बोट दाखवले होते. मुकादम त्याला काढायलाच निघाला होता. पण नोंदीत शटरिंगच्या संचाचा क्रमांकही होता. सहाही कॉलम तिसऱ्या संचाने भरलेले. प्लेटांची खालची कड वाकली होती, फटीतून सिमेंटची स्लरी वाहून जात होती आणि मागे नुसती खडी राहत होती. कड सरळ केली, फट बंद केली. त्यानंतर त्या संचावर एकही नोंद नाही. तो पोरगा आज वर व्हायब्रेटरची सुई धरून उभा आहे. नोंद माणसाला अडकवण्यासाठी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही सहा पाने पाहावीत.

सहाही जागी सैल खडी फोडून, घट्ट कॉन्क्रीट लागेपर्यंत खरवडून, न आकसणारे ग्राउट भरले आहे. मॅडम हातोडी घेऊन एकेका जागी ठोकतात. पाच ठिकाणी खणखणीत आवाज. सहाव्या ठिकाणी बद्द.

“फोटोत तर चांगलं दिसतंय, मॅडम,” सुपरवायझर म्हणतो.

“ठोकल्यावर चांगलं वाजू दे. मग बंद करते.”

पाच नोंदी बंद होतात, सहावी उघडी राहते.

रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. हा हक्क मोठा आहे. पण बाल्कनीतली दबलेली सळई राहणाऱ्याला दिसणार कशी? ती ज्यांनी उघडी पाहिली त्यांनीच लिहून ठेवायला हवी. घर घेताना आपण टाइल्स पाहतो, नळ फिरवतो. क्यूबचे अहवाल आणि दोषांचे रजिस्टरही मागावे. ज्या रजिस्टरात एकही दोष नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते.

चार वाजता स्लॅबचा शेवटचा कोपरा भरला जातो आहे. शिकाऊ इंजिनिअर कार्ड घेऊन येतो. जाडीच्या रकान्यात त्याने ‘ओके’ लिहिले आहे.

“ओके म्हणजे किती मिलिमीटर?” मॅडम विचारतात.

तो खूण केलेली सळी घेऊन परत जातो, फळीवर वाकतो आणि ओल्या मालात ती ठिकठिकाणी प्लायपर्यंत बुडवून आकडे ओरडून सांगतो. 150. 148. 152. कोपऱ्याशी 135. माल अजून ओला आहे. दोन घमेली तिथे पडतात, सुई फिरते, वरून फळी ओढली जाते. तो पुन्हा सळी बुडवतो, ‘ओके’वर काट मारतो आणि शेजारी चारही आकडे लिहितो. 135 सुद्धा, आणि त्याच्यापुढे 150.