विश्लेषण : इंजिनाचे ‘टायमिंग’ घरच्या घरी तपासता येते का?

माळशेज घाट उतरताना गाडीचे इंजिन अचानक बंद पडले, तर ब्रेक व स्टिअरिंगला इंजिनाकडून मिळणारी मदत थांबते. एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पॅडल जड होते, स्टिअरिंग वळवायला ताकद लागते. इंजिन असे बंद पडण्यामागचे एक कारण म्हणजे तुटलेला किंवा दात सोडलेला टायमिंग बेल्ट. मुरबाडकडून माळशेज, शहापूरकडून कसारा घाट आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून शहापूर तालुक्यातून जाणारा वेगवान रस्ता, अशा मार्गांवर जुनी स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याने टायमिंगची खात्री करून घेणे शहाणपणाचे. ही तपासणी घरी कितपत करता येते?

टायमिंग म्हणजे नेमके काय?

पिस्टनच्या वर-खाली होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो, तर व्हॉल्व्हची उघडझाप कॅमशाफ्ट करतो. दोन्ही बेल्टने किंवा चेनने जोडलेले असतात. क्रँकचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा कॅमचा एक होतो. कॅमच्या चक्राला ४० दात आहेत असे समजा. बेल्ट एका दाताने सरकला, तर कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबात १८ अंशांनी चुकतो. मग व्हॉल्व्ह वेळेआधी किंवा वेळेनंतर उघडतात, गाडीची ताकद घटते. चूक मोठी असेल, तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते.

संशय केव्हा घ्यावा?

इंजिन उशिरा सुरू होणे, उभ्या गाडीत थरथर, चढावर दम न लागणे, सकाळी थंड इंजिन सुरू करताना चेनचा खडखडाट ही लक्षणे आहेत. आधुनिक गाडीत डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. ‘पी००१६’ हा कोड क्रँक आणि कॅमच्या सेन्सरचे संकेत जुळत नसल्याचे सांगतो. मात्र कोड आला म्हणजे बेल्ट सरकलाच असे नाही. सेन्सर, वायरिंग किंवा इंजिन ऑइल यातही दोष असू शकतो. म्हणून प्रत्यक्ष खुणा पाहणे आवश्यक ठरते.

तयारी कोणती?

त्या मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका हाताशी हवी, कारण खुणा, फिरण्याची दिशा आणि बोल्ट आवळण्याचे माप प्रत्येक इंजिनात वेगळे असते. गाडी सपाट जागी, छपराखाली उभी करावी. पावसाळ्यात उघड्या अंगणात हे काम नको, कारण प्लगच्या भोकातून पाणी किंवा माती आत गेली तर नवाच खर्च उभा राहतो. इंजिन पूर्ण थंड, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे आणि बॅटरीची ऋण तार सुटी असावी. स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने हलके फिरते.

तपासणी कशी होते?

बेल्टचे वरचे झाकण काढून आधी बेल्ट पाहावा. भेगा, तुटके दात किंवा तेलाचे डाग दिसले तर पुढची मापे घेण्यात अर्थ नाही, बेल्ट बदलावाच लागेल. त्यानंतर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावे. बहुतेक इंजिने पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात. होंडाची काही जुनी इंजिने याला अपवाद आहेत.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वात वर आला की क्रँकची खूण जुळली पाहिजे. पण पिस्टन प्रत्येक चक्रात दोनदा वर येतो. कॅमच्या खुणा जुळत नसतील, तर आधी क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे.

प्लगच्या भोकात नळी घालून पिस्टनची उंची पाहणे हा फक्त अंदाज असतो, कारण शिखराजवळ क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळपास जागचा हलत नाही. अचूक मापासाठी क्रँकवर अंशांची चकती आणि प्लगच्या जागी पिस्टन अडवणारा बोल्ट लावतात. दोन्ही दिशांनी हळूच टेकवल्यावर एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ३० अंश आले, तर खरा मध्य शून्यापासून २ अंश सरकलेला आहे. चकती तेवढी सरकवून तो बोल्ट काढून घ्यावा. मग इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज लावावा. व्हॉल्व्ह कमाल उघडीपेक्षा १ मिलिमीटर कमी असताना चढताना ८० आणि उतरताना १४० अंश आले, तर कॅमचा मध्य ११० अंश. हा आकडा पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहायचा.

कुठे थांबावे?

तपासणे वेगळे आणि बेल्ट सोडवून टायमिंग बसवणे वेगळे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या ‘अवंती’ या स्पोर्ट्स कारला रेनोचे दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. रेनोच्या दोन लिटरच्या एफ४आर मालिकेतील इंजिनांत क्रँकच्या पुलीला जागेवर धरणारी चावी नसते, ती केवळ बोल्टच्या दाबाने घट्ट बसते. बोल्ट सैल केला की टायमिंग हरवू शकते. म्हणून क्रँक अडवणारी पिन आणि कॅमशाफ्टच्या टोकांच्या खाचांत बसणारी पट्टी ही खास अवजारे लागतात. त्या खाचा हेडवरील बुचांमागे असतात. ती बुचे काढताना खराब होतात, म्हणून नवी आधीच आणून ठेवावी लागतात. अशी अवजारे नसतील, तर बोल्टला हात लावू नये.

शेवटची खबरदारी कोणती?

बेल्ट बदलला असो वा फक्त तपासला असो, चावी फिरवण्याआधी इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. मध्येच कडक अडथळा लागला तर जोर न लावता थांबावे. तिथे पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो. बेल्टबद्दल शंका असताना गाडी धक्का मारून सुरू करू नये, कारण त्या झटक्याने सैल बेल्ट दात सोडू शकतो. आणि खुणा जुळत नसतील, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याऐवजी टोइंग व्हॅन बोलावावी. टोइंगचा खर्च हेड उतरवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.