कुंडीतलं 'ख्रिसमस ट्री' पावसाळ्यात का मरतं?

डिसेंबर आला की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांपासून कल्याण-डोंबिवलीतल्या हातगाडीवरच्या रोपवाल्यांपर्यंत सगळीकडे हिरवी, टोकदार 'ख्रिसमस ट्री' दिसू लागतात. दोन फुटांचं देखणं झाड गॅलरीत येतं, उन्हाळाही काढतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अचानक तपकिरी पडतं. खरं तर 'अचानक' काहीच झालेलं नसतं. ते झाड बहुतेक वेळा काही आठवडे आधीच मेलेलं असतं.

तुळस तहानली की लगेच मान टाकते. सूचीपर्णी झाडांची पानं मात्र जाड आणि मेणचट असतात, त्यांतून पाणी फार हळू उडतं. त्यामुळे मुळं कुजली तरी वरचा हिरवेपणा टिकतो. युरोप-अमेरिकेत नाताळसाठी तोडून आणलेलं, मुळंच नसलेलं झाडही घरात तीन-चार आठवडे हिरवं राहतं, ते याचमुळे. इथे मात्र शेंडे पिवळे दिसले की घरातले घाबरून आणखी पाणी घालतात आणि उरलीसुरली मुळंही जातात.

मुळं कुजतात ती साचलेल्या पाण्याने. ठाणे परिसरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नर्सरीतल्या रोपाभोवती अनेकदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो आणि कुंडीखाली फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेली ताटली भरलेलीच राहते. मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीचं फावतं.

नाव एकच, झाडं वेगळी

आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून बहुतेक वेळा मिळतो तो अरोकेरिया. त्याचं मूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावरचं, म्हणजे समुद्राकाठच्या दमट हवेतलं. म्हणून तो ठाण्यात रमतो. पण तो बुटका नाही. मूळ बेटावर तो ५० मीटरपर्यंत जातो, कुंडीत फक्त हळू वाढतो. त्याचा शेंडा कापू नये, तसा सरळ शेंडा सहसा पुन्हा येत नाही.

शाळेत 'विद्या' म्हणून वहीत ज्याचं पान ठेवायचो, ती मोरपंखी चीनकडची. तिला कडक ऊन चालतं, ओली मुळं नाही. भिंतीकडची बाजू अंधारात राहून करपते, म्हणून कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी. पोडोकार्पस दिसायला साधा, पण ज्यांना झाड फक्त जगवायचंय त्यांच्यासाठी सर्वांत भरवशाचा.

इंटरनेटवरच्या फोटोंतली खरी बुटकी झाडं वेगळीच. त्यांतलं प्रसिद्ध अल्बर्टा स्प्रूस १९०४ मध्ये कॅनडात सापडलं. त्याला दरवर्षी गोठवणारा हिवाळा लागतो, डोंबिवलीचा जानेवारी त्याच्या खिजगणतीत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्प्रूसच्या बियांवर पैसे न घालवलेलेच बरे. (दक्षिण भारतात निसर्गतः वाढणारं सूचीपर्णी झाड एकच, नागेया. तेही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या ओल्या जंगलांत. त्यामुळे आपल्या कुंडीतली सगळी पाहुणीच.)

पावसाआधी काय करायचं?

माती बदलायची असेल तर मेअखेरपर्यंत. साधारण एक भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग विटांचा चुरा किंवा जाड रेती. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, ते बेतानेच. कुंडी मुळांच्या गोळ्याहून दोन इंच मोठी पुरे, उगाच मोठ्या कुंडीत ओल साचते. जूनमध्ये ताटली काढून कुंडी दोन विटांवर ठेवावी. पाणी घालण्याआधी बोट दोन इंच मातीत घालून पाहावं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

१२ इंची कुंडी भिजली की २० किलोच्या आसपास भरते. ती कठड्यावर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये नको, खाली लोक चालत असतात.

झाड तपकिरी पडलंच तर फांदीची साल नखाने हलकीच खरवडावी. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे, पाणी थांबवून वाट पाहावी. कोरडं तपकिरी निघालं तर ती फांदी गेली. बहुतेक सूचीपर्णी झाडांना उघड्या, जुन्या लाकडातून नवी पालवी फुटत नाही. म्हणून छाटणी करायची ती हिरव्या भागापुरतीच.