नावेला पाणी, रोहिताला चिखल

पक्षी बघायचे म्हणजे सकाळी लवकर जायचं, एवढ्या सवयीवर मी दहा वाजताच ऐरोलीच्या खाडीकाठी पोचलो. नाव चिखलात टेकलेली होती. जेट्टीच्या खालच्या पायऱ्या शेवाळून हिरव्या झालेल्या, त्यांच्यापुढे राखाडी, चकचकीत चिखल, आणि त्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याची कड वीस-पंचवीस हात लांब होती. फेरी बाराची, असं फळ्यावर खडूने लिहिलेलं. आदल्या दिवशी ती सव्वाअकराला सुटली होती म्हणे, आणि उद्या बाराच्या बऱ्याच नंतर सुटेल.

संपादकांनी मला फ्लेमिंगोंवर लिहायला पाठवलं होतं. गुलाबी थव्यांचे फोटो आधीच हातात होते, मजकूर हवा होता. पण त्या दोन तासांत जेट्टीच्या कठड्यावर बसून मी जे पाहिलं, त्याने लेखाची दिशाच बदलली. माझ्यासमोर पाणी चढत होतं. खूप हळू, मग जरा घाईने, मग डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. साडेअकराच्या सुमाराला नावेचा तळ सुटला, ती एका बाजूला किंचित कलली आणि तरंगू लागली.

"आज तीज," नावेचे नाखवा म्हणाले. जवळच्याच कोळीवाड्यातले, साठीच्या आसपासचे. "पाऊणकी काढा."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो, तसं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. तीज म्हणजे तीन. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या आसपास खाडी भरणार, आणि मग रात्री पुन्हा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आगेमागे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, तशी भरतीही रोज तेवढी सरकते. पाऊणकी हे त्याचंच तोंडी गणित. वाऱ्याने, खाडीच्या अरुंदपणाने दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, ती नाखवा डोळ्याने भरून काढतात. फेरी सुटते त्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या कार्यालयात छापील भरती-ओहोटीचं कोष्टक आहे, फेरीच्या वेळा त्यावरूनच ठरतात. नाखव्यांना ते बघताना मी पाहिलं नाही.

या फेरीची सगळी अडचण आणि सगळं कौशल्य एकाच गोष्टीत आहे. नावेला पाणी लागतं आणि रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, चिखल लागतो. पूर्ण ओहोटीला पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलावर निवांत चरत असतात, पण तिथवर नाव जाऊच शकत नाही. पूर्ण भरतीला नाव कुठेही जाऊ शकते, पण तेव्हा चिखल बुडालेला असतो आणि पक्षी उडून गेलेले असतात. या दोन टोकांच्या मध्ये दीड-दोन तासांची एक फट असते. पाणी चढत जातं तशी चिखलाची पट्टी अरुंद होते, पक्षी दाटीवाटीने काठाकडे सरकतात आणि नाव त्यांच्या जवळ येऊ शकते. वीस माणसांना लाइफ जॅकेट घालून नेमकं त्या फटीत न्यायचं आणि परत आणायचं, हे नाखव्यांचं काम.

ठाण्याची खाडी म्हटलं की नदीचं मुख डोळ्यांसमोर येतं. पण इथे वरून येणारं गोडं पाणी पावसाळा सोडला तर नगण्यच. उल्हास नदीशी ठाण्याजवळ एक अरुंद जोड आहे, तेवढाच. ही सव्वीसेक किलोमीटर लांब समुद्राची जीभ आहे, दिवसातून दोनदा भरणारी आणि दोनदा रिती होणारी. तिच्या पश्चिमेला भांडुप-कांजूरची मिठागरं आणि कचरा डेपो, पूर्वेला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा. मधल्या पाण्याला आणि तिवरांना ऑगस्ट 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला: सुमारे 1690 हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन. मालवणनंतरचं राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. वन विभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र त्याच्याच आधाराने उभं राहिलं. 2022 मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हे सगळं केंद्राच्या भिंतींवर नीट मांडलेलं आहे, ते तिथेच वाचावं.

बारा वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो.

पहिली दहा मिनिटं तिवरांच्या कडेने. सोबतच्या मार्गदर्शक मुलीने वाकून एक पान तोडलं आणि आम्हाला चाटायला सांगितलं. खारट. तिवर मुळांनी खारं पाणी ओढतं आणि जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं; उन्हात पानावर त्याचे कण चमकतात. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी शेकडो मुळं वर आलेली, श्वास घ्यायला. पलीकडे चिप्पीची झाडं. पांढरी चिप्पी हा 2020 पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. याच तिवरांत कोल्हे राहतात, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. ज्या शहरात माणसाला पाय ठेवायला जागा नाही, त्याच्या काठावर कोल्हा पिल्लं वाढवतो आहे, ही गोष्ट मी नंतर कितीतरी जणांना सांगितली.

मग वळण आलं. नाखव्यांनी इंजिन बंद केलं आणि पाण्याच्या ओढीवर नाव सोडून दिली. कुणीतरी काहीतरी बोलायला लागलं होतं, तेही थांबलं.

आधी आवाज आला. दुरून एखाद्या मंगल कार्यालयात पंगत बसावी तसा, अखंड, खालच्या सुरातला कलकलाट. मग चिखलाच्या पट्टीवर ते दिसले. फोटोतला गुलाबी रंग आणि हा रंग वेगळा. बरेचसे पक्षी पांढऱ्यावर गुलाबी हात फिरवल्यासारखे, काही गडद, आणि मधे मधे मळकट राखाडी. हे कोवळ्या वयाचे. रंग त्यांना खाण्यातून मिळतो आणि त्याला काही वर्षं लागतात. इथे दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित उंच, फिका, चोचीचं टोक काळं. लहान रोहित त्याच्या खांद्याला लागेल एवढा, रंगाने जास्त गुलाबी, चोच गडद लाल. खाडीत गर्दी असते ती लहान रोहितांची.

दुर्बीण हातात आली आणि मी एका लहान रोहिताच्या चोचीवर खिळलो. मान खाली सोडून तो चोच उलटी करून पाण्यात धरतो, म्हणजे वरचा जबडा खाली आणि खालचा वर. जीभ जाड, मांसल, आणि ती पिचकारीतल्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते, सेकंदाला कित्येक वेळा. मागे गेली की पाणी आत, पुढे आली की बाहेर. चोचीच्या आत केसांसारख्या बारीक पापुद्र्यांची झालर आहे, तिच्यात सूक्ष्म शेवाळ अडकतं. लहान रोहिताची झालर फार बारीक, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरातलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ गाळून खातो. मोठ्याची जरा जाडी, म्हणून तो चिखलातले किडे, बारीक कोळंबीसारखे जीव वेचतो. एक मोठा रोहित एकाच जागी पाय आपटत गोल गोल फिरत होता. तळाचा गाळ ढवळून खाणं वर आणायची ही त्याची रीत. म्हणून दोघे एकाच चिखलात उभे राहतात आणि एकमेकांच्या घासाला हात लावत नाहीत.

हे शेवाळ इतकं का माजतं, याचं उत्तर ऐकायला चांगलं नाही. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या खतासारख्या द्रव्यांवर ते पोसतं, असं अभ्यासक सांगतात. पक्षी शिवडीच्या चिखलावर 1990च्या दशकात दिसू लागले आणि संख्या वाढत गेली. 2019 मधल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) मोजणीत ती लाखाच्या वर होती. ज्या घाणीने कोळ्यांच्या जाळ्यातले बोय आणि जिताडे कमी केले, तिच्यावरच हा सोहळा उभा आहे. नाखव्यांना हे पूर्ण ठाऊक आहे. त्यांचे वडील इथे पाग टाकून घर चालवायचे. आता ते स्वतः माणसं फिरवतात, आणि पावसाळ्यात पक्षी बहुतेक निघून गेले की हंगामही संपतो.

"गाळ लई आला," ते एवढंच म्हणाले, आणि हाताने एक रेघ दाखवली. त्यांच्या लहानपणी जिथे पाणी होतं, तिथे आता तिवरं उभी आहेत. कांदळवन वाढलं ही बातमी आपण आनंदाने वाचतो, आणि ती आनंदाची आहेही. पण गाळ साचतो तशी झाडं पुढे सरकतात आणि उघड्या चिखलाची पट्टी आकसते. रोहिताला झाड नको, उघडा चिखल हवा. ही दोन्ही जपायची असतील तर गाळाचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

पाऊण वाजला असेल. चिखलाची पट्टी आता खोलीएवढी उरली होती. पाणी पक्ष्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढलं, पोटाला लागायला आलं. नाखव्यांनी इंजिनाला हात लावला नव्हता, आमच्यातला कुणी हलला नव्हता. तरी एका क्षणी सगळा थवा एकदम उठला. पंख उघडले तेव्हा आतला लाल आणि काळा रंग दिसला, आणि रोहिताला अग्निपंख हे दुसरं नाव का पडलं ते समजलं. ते दक्षिणेकडे गेले. लांब माना पुढे, लांब पाय मागे, काठ्यांसारखे सरळ.

"नेरुळला," नाखवा म्हणाले.

फेरी इथे संपते. मला मात्र तिथून पुढचाच प्रश्न लागून राहिला. खाडी भरल्यावर हे पक्षी जातात कुठे? त्यांना पुढचे चार-पाच तास उथळ पाणी हवं, जिथे पाय टेकतील आणि कुणी हाकलणार नाही. भांडुपची मिठागरं, नेरुळ-सीवूड्सच्या बाजूची एनआरआय आणि टीएस चाणक्यची पाणथळ जमीन, डीपीएस तळं, उरणच्या बाजूला पाणजे. या जागा म्हणजे त्यांचं भरतीतलं घर. अभयारण्याची हद्द मात्र खाडीत आखलेली आहे. चिखलावर जेवणाऱ्या पक्ष्याला अभयारण्याचं कवच आहे. भरती चढली की तो हद्दीबाहेर जाऊन बसतो.

यातल्या काही जागांवर इमारती आणि गोल्फ कोर्स यांचे आराखडे आले, स्थानिक माणसं न्यायालयात गेली, वर्षानुवर्षं लढत राहिली. 2024 च्या सुरुवातीला डीपीएस तळ्याकडे भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली. तळं आटत गेलं, शेवाळाची साय धरली, आणि पक्षी जागा शोधत रस्त्यांवर, इमारतींमध्ये भरकटले. डझनाच्या आसपास मेले. रहिवाशांनी ओरड केली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. एका नळाएवढ्या तोंडावर एवढे जीव टांगलेले असतात, हे मला या फेरीच्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

त्याच वर्षी 20 मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला. 39 रोहित मेले. लक्ष्मीनगरच्या रहिवाशांना सकाळपर्यंत गल्लीत आणि गच्च्यांवर पंख सापडत होते. मेअखेर पक्ष्यांची परतायची वेळ असते. बीएनएचएसने 2022 मध्ये काही रोहितांना उपग्रहावर चालणारे टॅग लावले, तेव्हा ते इथून गुजरातकडे जाताना दिसले, आणि कच्छच्या रणात त्यांची वीण होते. आता डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडत आहेत. तो विमानतळ या पाणथळींपासून फार लांब नाही. विमान महत्त्वाचं की पक्षी, असा प्रश्न मी विचारत नाही. त्या विमानात बसलेली माणसं माझीच आहेत. पण पक्ष्यांना बसायची ठरलेली जागा असेल तर ते ठरलेल्या वाटेने उडतात. जागा काढून घेतली की ते कुठेही उडतात, आणि तेव्हा धोका दोघांनाही असतो. म्हणून तळ्यात भरतीचं पाणी खेळतं ठेवणं ही विमानांच्या सुरक्षेचीही बाब आहे, असं मला मनापासून वाटतं.

नवी मुंबईने स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलं आहे. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून नेरुळला गेलो. तीन वाजले होते, भरती नुकतीच ओसरायला लागली होती. तळ्यात पाणी होतं आणि ते पक्षी तिथे होते. बहुतेक एका पायावर, मान पंखात खुपसून, वाऱ्याकडे तोंड करून झोपलेले. कुंपणाशी एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. पोरगं मोजत होतं, सत्तावीसच्या पुढे चुकत होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं.

निघण्याआधी जेट्टीवर नाखव्यांना विचारलं होतं, उद्या येऊ का. त्यांनी दोर खुंट्याला बांधता बांधता किती पायऱ्या बुडाल्या ते बघितलं. "उद्या चौथ," म्हणाले. "भरती तीनला. तुम्ही साडेबाराला या, दहाला नको."