तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याने राजाकडे मागितलेल्या गव्हाची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत. पटाला आणखी तीनच घरं असती, तर एकूण दाणे झाले असते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक. ही एकवीस आकडी संख्या माझ्या फार आवडीची.

१६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने ही संख्या मूळ आहे, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, असं छापून टाकलं. तपासणार कोण? १८७६ मध्ये लुका या गणितज्ञाने ते खोडलं. पण गंमत अशी की, तिचे तुकडे पडतात एवढंच त्याने सिद्ध केलं. तुकडे कुठले, ते नाही! घरात चोर शिरलाय हे नक्की, पण तो सापडत नाही, अशातली गत.

शोधायला एक आधार होता. या संख्येचा कोणताही विभाजक १३४ च्या पटीहून एकाने मोठाच असणार. मग १३५, २६९, ४०३ असं एकेकाने भागत सुटायचं. मी हिशेब केला. लहान तुकडा या रांगेत १४,४५,५८० व्या जागी आहे!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी अर्थात याहून चतुर वाट धरली, पण काम सगळं हातानेच. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते फळ्यापाशी गेले. पुढचा प्रसंग ई. टी. बेल यांनी लिहून ठेवलाय (बेल यांना गोष्टी रंगवायची हौस होती, हेही सांगायला हवं). कोल एक अक्षर बोलले नाहीत. दोनाचा सदुसष्टावा घात काढला, एक वजा केला. शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडून पुरा केला. दोन्ही उत्तरं एकच! टाळ्यांच्या कडकडाटात ते जागेवर जाऊन बसले. याला वेळ किती लागला, असं बेल यांनी पुढे विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं : तीन वर्षांचे रविवार.

आज रविवारच आहे, तर मुलांना घेऊन तो गुणाकार करून पाहा. धीर नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना नवाचा ताळा विचारा. पहिल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ३७, दुसरीची ६४, गुणाकाराची १०९. तिन्हींचा ताळा एकच येतो. ताळा जमला म्हणून गुणाकार बरोबरच असं नव्हे. चुकला तर मात्र चूक नक्की.

पडताळायला अर्धा तास, शोधायला तीन वर्षं. या तफावतीवरच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांचं कुलूप बनवलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, त्या दोन संख्या मात्र आपल्यापाशी ठेवायच्या. कोल यांची संख्या आजचा संगणक पापणी लवायच्या आत फोडतो. या कुलपांतल्या संख्या सहाशेहून अधिक आकडी असतात.