आईच्या डब्यातली पूड

गेल्या जुलैत रत्नागिरीला गेलो, तेव्हा आईने शेगडीवरच्या फळीवरून स्टीलचा डबा काढून पुढे केला. "तू पाठवलेली पावडर बघ कशी झालीये!" न्यू जर्सीहून पाठवलेली व्हिटॅमिन 'सी'ची पांढरीशुभ्र पूड तपकिरी पडून तिचा खडा झाला होता. बाटलीतली सिलिका जेलची पुडी तिने 'विषारी' म्हणून केव्हाच फेकली होती. औषधनिर्मितीत तीस वर्षे काढलेल्या मुलाने हे आधीच सांगायला नको का?

पूड कोरडी म्हणजे टिकाऊ, असा आपला समज असतो. पण पावसाळ्यात पाणावणारे मीठ आठवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ पाणी ओढून त्यातच विरघळू लागते. व्हिटॅमिनांचेही तसेच. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात लिसा मॉवर यांच्या गटाने हे मोजले. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड ९८ टक्क्यांना पाणावते, सोडियम ॲस्कॉर्बेट मात्र ८६ टक्क्यांनाच. कोकणातला आषाढ राहू द्या, गरम शॉवरनंतर आपली इथली बाथरूमही तितकी दमट होते, आणि औषधांचे कपाट नेमके तिथेच! त्यातून साखर, मीठ, आम्ल असे पदार्थ एकत्र असले की ही मर्यादा आणखी खाली येते. पाण्याचा पातळ थर धरला की ऑक्सिजन आपले काम करतो. मिश्रणात लोह किंवा तांबे असेल तर अधिकच वेगाने. पुढे हवा सुकली की पूडही सुकते, पण गेलेले 'सी' परत येत नाही.

कारखान्यात म्हणूनच कोरड्या मिश्रणासाठी कमी पाणी ओढणारे थायमिन मोनोनायट्रेट वापरतात, 'ए'ला जिलेटिनचे कवच देतात, आणि लेबलवरच्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच घालतात. ही सावधगिरी उगाच नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डबाबंद पातळ फॉर्म्युला पिणाऱ्या काही बाळांना झटके येऊ लागले. निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने त्यातले 'बी-६' नष्ट झाले होते. ते व्हिटॅमिन दिल्यावर झटके थांबले. आजही बाळाच्या फॉर्म्युल्यावर मुदत छापणे इथे सक्तीचे आहे. सप्लिमेंटवर मात्र नाही.

आईसाठी आता लहान बाटल्याच नेतो. मूळ बाटली, घट्ट झाकण, पुडी आत, आणि जागा झोपायच्या खोलीतल्या कपाटात. फ्रीजमध्ये नको, कारण गार बाटली दमट हवेत उघडली की आत दव धरते.