मिलि, मिली आणि मायक्रो

पावसाळ्यात आपण रेडिओवर ऐकतो, 'अमुक ठिकाणी ४० मिलिमीटर पाऊस झाला.' ऐकताना काहीच अडत नाही. तोच शब्द छापलेला पाहा. कुठे 'मिलिमीटर', कुठे 'मिलीमीटर', कुठे 'मि.मी.', तर कुठे 'मिमी'. लिटर-लीटर, ग्रॅम-ग्राम यांचीही तीच गत.

हा गोंधळ आला कुठून? शेर, मण, तोळा ही मापे घरचीच होती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बाजारात रुजली. तिचे शब्द मूळचे फ्रेंच, आपल्याकडे पोचले ते इंग्रजीमार्फत. त्यातला इकार ऱ्हस्व की दीर्घ, हे ज्याने त्याने आपल्या कानाने ठरवले. 'ग्राम' हे हिंदीतले रूप. मराठीत ग्राम म्हणजे गाव, म्हणून आपला 'ग्रॅम' बरा. खुद्द इंग्रजीतही एकमत नाही. 'मीटर'ची शेवटची दोन अक्षरे ब्रिटिश एका क्रमाने लिहितात, तर अमेरिकन उलट क्रमाने.

वेलांटी चुकली म्हणून पाऊस कमी-जास्त होत नाही. मला काळजी वाटते ती संक्षेपांची. 'से.' म्हणजे सेकंद की सेल्सिअस, 'मि.' म्हणजे मिनिट की मिलि, हे बहुधा संदर्भाने कळते. औषधाच्या मात्रेत मात्र संदर्भ मदतीला येईलच असे नाही. थायरॉइडच्या नेहमीच्या गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ५० किंवा १०० अशी. एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात. घरच्या वहीत कुणी मायक्रोग्रॅमऐवजी 'मि.ग्रॅ.' लिहिले, की कागदावर मात्रा हजारपट झाली! मायक्रोचे 'म्यू' हे ग्रीक चिन्ह घाईच्या अक्षरात इंग्रजी 'एम'सारखे दिसते. म्हणूनच ते हाताने लिहू नये, असे औषध-सुरक्षेचे जाणकार सांगतात. विजेच्या मापांत मिलिवॅटचा 'एम' लहान लिपीतला आणि मेगावॅटचा मोठ्या लिपीतला. दोहोंत फरक शंभर कोटी पटींचा!

मग करायचे काय? एका मजकुरात एकच रूप ठेवावे. संक्षेप प्रथम येईल तिथे पूर्ण शब्द द्यावा. औषधाच्या बाबतीत तर संक्षेप नकोच. वेष्टनावरचा आकडा आणि त्यापुढचे माप नीट पाहून 'मायक्रोग्रॅम' असे पूर्ण लिहावे. शंका वाटली तर औषध विक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे. रेडिओवर निवेदक 'मि.मी.' म्हणत नाही, 'मिलिमीटर' असे पूर्ण म्हणतो. कागदावरही आपण तेवढे केले, तर निम्मा गोंधळ मिटेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)