दारूबंदीच्या जिल्ह्यातील पर्यटन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिककडील द्राक्षमळ्यांत वाइनच्या निमित्ताने जे पर्यटन उभे राहिले, त्याची रसभरित वर्णने वाचून वर्ध्यातील काही उत्साही मंडळी अशी हळहळ व्यक्त करतात की, ज्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदीचा अंमल आहे, त्याच्या नशिबी पर्यटनाचा योगच नाही. हा गैरसमज सर्वांत दृढमूल, म्हणूनच त्याचा परामर्श प्रथम घेतला पाहिजे. वस्तुस्थिती अशी की, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे पीक आधीपासून होते, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि मुंबई-पुण्याचा खर्चिक ग्राहक काही तासांच्याच अंतरावर होता. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तेव्हा कोठे पाहुणा मळ्याच्या फाटकाशी आला. शिवाय तो केवळ प्याल्यासाठी येत नाही. पीक पाहावे, त्यावरील प्रक्रिया समजून घ्यावी, मळ्यातच मुक्काम करावा, हेही त्याच्या मनात असते, आणि एवढा भाग वर्ध्याला मुळीच वर्ज्य नाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कारंजा-आष्टीकडे संत्र्याच्या बागा आहेत. आर्वीचा मुलूख गवळाऊ जनावरांसाठी नावाजलेला आहे. हळद शिजते कशी आणि वाळते कशी, हे पाहण्याची सोय शेतकऱ्याने केली, तर २०२० चे राज्याचे कृषी पर्यटन धोरण त्याच्या पाठीशी आहेच.

सेवाग्राम हे अर्ध्या तासाचे काम, हा दुसरा समज. नागपूरहून सकाळी निघालेला प्रवासी बापूकुटीसमोर छायाचित्र काढून सायंकाळी परततो खरा. पण हा दोष स्थळाचा नसून आखणीचा आहे. गांधीजी १९३६ मध्ये ज्या शेगावात राहावयास आले, त्याचे सेवाग्राम हे नामकरण १९४० मध्ये झाले. १४ जुलै १९४२ रोजी ‘चले जाव’चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच संमत केला. १९२८ मध्ये दलितांस खुले झालेले जमनालाल बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर, १९३८ चे मगन संग्रहालय आणि धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ मध्ये स्थापिलेले पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर ही सारी एकाच इतिहासाची प्रकरणे होत. ती क्रमाने उलगडून सांगणारा जाणता वाटाड्या मिळाला, तर दोन दिवसही अपुरे पडतील.

विकास म्हणजे बांधकाम, हा समज मात्र केवळ सामान्य जनांचा नाही. सरकारी दप्तरातही त्याचे वास्तव्य आहे. आसपास मिळणाऱ्या माती-बांबूने उभारलेली कुटी पाहण्यास जो येतो, त्याच्या स्वागतासाठी काँक्रीटचा पसारा मांडावा, ही तजवीज प्रस्तुत लेखकास विपरीत वाटते. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावली आणि वेळेवर सुटणारी एस.टी. यांची गरज निर्विवाद आहे. त्यापलीकडील प्रत्येक दरखास्तीची कसून छाननी व्हावी.

बोरच्या जंगलात वाटेल तितकी वाहने सोडावीत, ही अपेक्षाही अशीच अवास्तव असते. २०१४ मध्ये घोषित झालेल्या या व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरांचे. तेथे वाहनांची गर्दी वाढविणे म्हणजे मुद्दलालाच हात घालणे होय.

शेवटी, पर्यटन ही मुंबईच्या मंत्रालयाची बाब, ग्रामपंचायतीने फार तर कचरा उचलावा, असे मानणारे सरपंचही भेटतात. वास्तविक ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा दर्जा देणे हे जिल्हा नियोजन समितीच्या हाती आहे, आणि त्या मागणीची सुरुवात गावाच्या ठरावापासून होते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवर तसेच जत्रा-उत्सवांवर कर बसविण्याची तरतूदही आहे. गिरडच्या दर्ग्यास वा केळझरच्या सिद्धिविनायकास येणाऱ्या भाविकांच्या सोयीचा खर्च कोणत्या निधीतून भागवावयाचा, याची मसलत ग्रामसभेत होऊ शकते. त्यासाठी वरून हुकूम येण्याची वाट पाहावी लागत नाही.